वडाचा खुंट: वटपौर्णिमेच्या फांदीपासून गावच्या पारापर्यंत

ज्येष्ठी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सांगली, कराड, साताऱ्याच्या बाजारात वडाच्या डहाळ्यांचे भारे येतात. डहाळी कुंडीत खोचून पूजा होते, तिसऱ्या दिवशी पानं करपतात आणि ती घंटागाडीत जाते. वड हे फांदीपासून येणारं झाड आहे आणि हा सण नेमका फांदी लावायच्या दिवसांत येतो, म्हणून जास्त वाईट वाटतं. मिरग निघालेला असतो, वळवानं जमीन मऊ झालेली असते. बाजारातली करंगळीएवढी डहाळी मात्र लागत नाही, तिच्यात साठाच नसतो. लावायचा तो खुंट, म्हणजे मनगटाएवढी जाड आणि माणसाहून उंच फांदी.

गायरानात, शाळेच्या कडेला, देवळापुढं किंवा स्मशानाजवळ वड उभा करायचा असेल तर ही रीत उपयोगी पडेल. लावणी एका दिवसात उरकते. पुढचे तीन उन्हाळे हे खरं काम, आणि बहुतेक वड तिथंच जातात.

जागा

सातारा जिल्ह्यातल्या एका वडाचा विस्तार १८८२ मध्ये मोजला तेव्हा घेर १,५८७ फूट भरला. उत्तर-दक्षिण ५९५ फूट, पूर्व-पश्चिम ४४२ फूट. प्रत्येक वड तेवढा होत नाही, पण हाताएवढा खुंट लावताना हा आकडा ध्यानात असलेला बरा. घराची भिंत, विहीर, पाण्याची टाकी यांच्यापासून निदान पन्नास फूट लांब राहा. विहिरीजवळ लावलेला वड दहा-पंधरा वर्षांत बांधकामाच्या सांध्यात मुळं घालतो, आणि मग विहीर ठेवायची की वड, असा प्रश्न गावापुढं येतो. विजेच्या तारांखाली लावला तर दर पावसाळ्याआधी एका बाजूनं छाटला जाऊन झाड कलतं. शेताच्या बांधावर वड नको. सावलीखालचं पीक बसतं आणि शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. दोन वडांत साठ फूट ठेवा.

आता माती. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पूर्व आणि पश्चिम या दोन वेगळ्या दुनिया आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तर माण, खटाव, आटपाडी, जत इकडं तो ५०० च्या आसपास किंवा त्याहून कमी. माण-जतच्या मुरमाड जमिनीत वड लागतो, पण पाणी द्यावंच लागतं. पलूस, वाळवा, मिरज या कृष्णाकाठच्या काळ्या रानात पाण्याला तोटा नाही. तिथं साचलेलं पाणी आणि क्षार खुंट कुजवतात. चोपण, म्हणजे क्षारानं घट्ट झालेली जमीन असेल तर खड्ड्याऐवजी दीड फूट उंच, सहा फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लावा.

आणि जिथं लावू नये तिथं लावू नका. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं कासचं पठार आणि त्यासारखे जांभ्याचे सडे उघडे दिसतात म्हणून तिथं वृक्षारोपणाचा उत्साह येतो. त्या इंच-दोन इंच मातीवरची फुलं सावली आली की संपतात. पूर्वेकडचं गवताळ माळरानही ओसाड नसतं. मेंढरांची चराई, लांडगा, खोकड, चंडोल असा त्याचा स्वतःचा संसार आहे. वडाची जागा गावठाणाजवळ, माणसांच्या येण्याजाण्यात.

सरकारी जागा असेल तर ग्रामसभेचा ठराव आधी घ्या. ठरावात गट नंबर, झाडांची संख्या आणि पाणी कोण घालणार त्यांची नावं लिहा. नावं नसलेल्या ठरावातली झाडं पहिल्या फेब्रुवारीत वाळतात.

खड्डा

एप्रिल-मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. मुरमात ३ × ३ × ३ फूट, चांगल्या जमिनीत लांबी-रुंदी २ × २ फूट पुरे, खोली मात्र तीन फूटच. तीन फुटांच्या खड्ड्यातून पन्नास-साठ घमेली माती-मुरूम निघतो. वरच्या फूटभराची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका, कारण भरताना वरची माती खाली जायची आहे. तळाशी मांजऱ्या, म्हणजे मुरमाखालचा कठीण थर लागला तर पहारीनं चार-पाच ठिकाणी फोडून घ्या. नाहीतर खड्डा म्हणजे हौद होतो, पाऊस पडला की भरून राहतो आणि खुंटाचं बूड कुजतं. खात्री करायची असेल तर दोन बादल्या पाणी ओतून सकाळी बघा. पाणी तसंच दिसलं तर तळ अजून फोडा.

भरायला वरची माती आणि बाहेरची गाळाची माती मिळून तीन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, वर किलोभर निंबोळी पेंड. शेणखत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं हवं. कच्च्या शेणाची ऊब खुंटाची साल भाजते आणि वाळवीला आमंत्रण देते. रासायनिक खत पहिल्या वर्षी अजिबात नको. मुळंच नाहीत तर खाणार कोण?

खुंट निवडणं आणि तोडणं

झाड निरोगी, निदान वीस-तीस वर्षांचं बघा. फांदी सरळ, सात ते दहा सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे मनगटापासून ते हाताच्या दंडापर्यंत. लांबी आठ फूट, शेरडं-मेंढरं फार असतील तर दहा. साल करडी, गुळगुळीत असावी. हिरव्या कोवळ्या फांदीत साठा नसतो आणि मांडीएवढ्या जाड, भेगाळलेल्या फांदीला मुळं फुटायला फार वेळ लागतो. आडव्या फांदीपेक्षा वर जाणारी फांदी घ्या. एका झाडावरून तीन-चारपेक्षा जास्त घेऊ नका. झाड सार्वजनिक जागेतलं असेल तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी हातात ठेवा.

कोयत्यानं घाव घालून फांदी पाडली की ती स्वतःच्या वजनानं खोडाची साल ओरबाडत खाली येते आणि जुन्या झाडाला हातभर जखम होते. म्हणून करवत वापरा. आधी फांदीच्या खालच्या अंगानं एक तृतीयांश काप, मग त्याच्या बोटभर पुढं वरून काप. फांदी स्वच्छ सुटते. उरलेलं थुटूक खोडाजवळच्या फुगीर कडेला धक्का न लावता कापा. ती कडच पुढं जखम भरून आणते. पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. कपड्यावर पडला तर डाग निघत नाही, तेव्हा जुनी कापडं घालून जा.

खाली आणलेल्या फांदीची सगळी पानं आणि बारक्या डहाळ्या काढा. पानं ठेवली तर मुळं नसलेल्या खुंटातलं पाणी दोन दिवसांत उडून जातं. बुडाचा काप तिरका, शेंड्याचा आडवा घ्या. यातला एक फायदा असा की घाईत कुणी खुंट उलटा लावत नाही. हसण्यासारखं वाटेल, पण पानं काढलेल्या वीस खुंटांच्या ढिगात वर-खाली ओळखणं सोपं नसतं आणि उलटा खुंट लागत नाही.

चीक वाळेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, खुंट सावलीत उभे करून ठेवा आणि ओलं गोणपाट गुंडाळा. त्यानंतर बुडाकडच्या फूटभर भागावर चाकूनं चार उभ्या चिरा द्या, साल कापेल एवढ्याच. मुळं बहुधा या चिरांच्या कडेनं फुटतात. कृषी सेवा केंद्रात मुळं फुटायची पावडर मिळते, ती चिरांवर चोळा. नसली तरी अडत नाही. शेंड्याच्या कापावर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रभर भिजवा, लोखंडी भांड्यात नको. चुना वेगळा कालवा आणि मग दोन्ही एकत्र ओता. चार-पाच खुंटच असतील तर यातला दहावा हिस्सा करा. तेही होणार नसेल तर शेण आणि चिकणमातीचा बोटभर जाड लेप द्या. उघडा राहिलेला शेंडा वरून खाली वाळत येतो.

हव्या असतील त्याच्या दुप्पट खुंट लावा. सगळे लागत नाहीत.

लावणी

वळवाचा पहिला शिडकावा बघून पळू नका. जमीन वीतभर खोल भिजवणारा पाऊस झाला की लावा. पश्चिमेकडं हे मृगातच जमतं. माण, आटपाडी, जतकडं मृग अनेकदा हुलकावणी देतो आणि खरा पाऊस परतीचा असतो, तेव्हा तिथं जूनमध्ये लावणार असाल तर हाताशी पाणी हवं.

आठ फुटी खुंटासाठी खड्ड्यात अर्धा फूट माती भरून पायानं दाबा. आठ फुटी खुंट अडीच फूट आणि दहा फुटी तीन फूट मातीत जाईल असा उभा करा. एकानं धरायचा, दुसऱ्यानं चारही अंगांनी माती ओढायची आणि तिसऱ्यानं पहारीच्या मागच्या टोकानं प्रत्येक वीतभर थर ठोकायचा. हा ठोकायचा भाग कंटाळवाणा असतो आणि लोक तोच वगळतात. खुंटाभोवती पोकळी राहिली की तिथली साल काळी पडते, बुरशी धरते आणि मुळाचा कोंब हवेत सुकतो. लावून झाल्यावर खुंट दोन्ही हातांनी हलवून बघा. जमिनीत रोवलेल्या मेढीसारखा घट्ट बसला पाहिजे. हलला तर काढून पुन्हा ठोका.

बाजूला दोन बांबू रोवून सुतळीनं इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या. लगेच वीस लिटर पाणी घाला, मग वर पाऊस असला तरी चालेल, कारण या पाण्यानं माती खाली बसते. दुसऱ्या दिवशी जिथं खचली असेल तिथं भरून घ्या.

एक धोका आधीच सांगतो. फांदीपासून आलेल्या वडाला सोटमूळ नसतं, सगळी मुळं आडवी पसरतात. पुढं पारंब्या जमिनीला टेकल्या की हा उणेपणा भरून निघतो, पण मधली पंधरा-वीस वर्षं जोराच्या वाऱ्यात झाड नाजूक असतं. उघड्या टेकाडावर, खिंडीच्या तोंडाला खुंट न लावता बियांपासूनचं रोप लावा.

ते रोप विकत घ्यायची गरज नाही. वडाचं फळ साळुंकी, बुलबुल, तांबट, हरियाल खातात आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेलं बी भिंतींच्या, घाटांच्या दगडांच्या सांध्यात रुजतं. वाईच्या घाटावर काय किंवा गावातल्या जुन्या वाड्यावर काय, पावसाळ्यात अशी रोपं दिसतातच. ती राहिली तर बांधकाम फोडतात, म्हणून काढणं दोघांच्याही भल्याचं. जुलैत भिंत पूर्ण भिजलेली असताना वीतभर उंचीचं रोप चुना-माती उकरून मुळासकट सोडवा. ओढू नका, मूळ तुटतं. निम्मी पानं कापा, माती-शेणखताच्या पिशवीत लावा, पंधरा दिवस सावलीत ठेवा. वर्ष-दीड वर्षात ते कमरेएवढं झालं की जमिनीत जातं.

पालवी आली म्हणजे लागलं नव्हे

तीन-चार आठवड्यांत खुंटावर लालसर डिऱ्या, म्हणजे कोंब, फुटतात आणि ताजी पानं येतात. गावात आनंद होतो, फोटो निघतात, पाणी घालणारा निर्धास्त होतो. आणि पाऊस उघडून आठ-दहा दिवसांचं ऊन पडलं की पानं लोंबतात, काळी पडतात, खुंट मरतो.

ती पालवी खुंटातल्या साठ्यावर आलेली असते. मातीत अजून एकही मूळ नसतं. मुळं फुटून कामाला लागायला दोन-तीन महिने जातात, आणि मधल्या काळात पानं साठा खातात. म्हणून पहिल्या बहरातल्या डिऱ्यांपैकी शेंड्याकडच्या चार-पाच ठेवा, बाकी अंगठ्यानं खुडून टाका. पावसात खंड पडला की चौथ्या दिवशी पाणी द्या. लागल्याची खरी खूण म्हणजे पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नव्या पानांचा दुसरा बहर.

शंका आली तर खुंट हलवू नका, नुकती फुटलेली मुळं केसासारखी तुटतात. नखानं साल किंचित खरवडा. खाली हिरवा थर आणि चिकाचा पांढरा थेंब आला तर जिवंत. तपकिरी, कोरडं लागलं तर दोन वीत खाली उतरून पुन्हा खरवडा. बऱ्याचदा वरचा भाग गेलेला असतो आणि खाली जीव असतो. हिरवं लागेल तिथपर्यंत शेंडा कापून पुन्हा पेस्ट लावा.

तीन उन्हाळे

पहिल्या वर्षी डिसेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला वीस लिटर. अठ्ठावीस आठवड्यांचे एका झाडाला ५६० लिटर होतात. पंचवीस झाडांना आठवड्याला पाचशे लिटर, म्हणजे ट्रॉलीवरची एक टाकी. पाच हजारांचा टँकर साठवून ठेवायची सोय असेल तर दहा आठवडे पुरतो. हा हिशेब लावणीच्या आधी मांडा आणि पाणी जेवढं तेवढीच झाडं लावा. शंभर लावून दहा जगवण्यापेक्षा वीस लावून दहा जगवणं स्वस्त पडतं. दुसऱ्या वर्षी दहा दिवसांनी तीस लिटर, तिसऱ्या वर्षी पंधरा-वीस दिवसांनी पन्नास. अंतर वाढवत नेलं की मुळं पाण्यामागं खोल जातात. रोज तांब्याभर पाणी घालणं हा सगळ्यात वाईट प्रकार. मुळं वर येऊन बसतात आणि एक सुट्टी पडली की झाड लोळतं.

पाणी वरून ओतलं तर मुरमात निम्मं वाफ होऊन जातं. दोन इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटांचा तुकडा घ्या, खालच्या फूटभर भागाला भोकं पाडा, खुंटापासून वीतभर अंतरावर लावणीच्या वेळीच उभा पुरा आणि आत बारीक खडी भरा. वरचं तोंड जमिनीबाहेर बोटभर राहू दे. पाणी थेट मुळांच्या पातळीला पोचतं. तोंडावर दगड ठेवा, नाहीतर पोरं त्यात काय काय घालतात.

आळ्यात आच्छादन हवंच. कृष्णाकाठी उसाचं पाचट फुकट मिळतं. फडात पेटवण्याऐवजी अर्धा फूट जाड थर आळ्यात टाका, खुंटापासून वीतभर मोकळं सोडून. पूर्वेकडच्या मुरमात मात्र पाचट-काडी टाकली की वाळवी चढते. तिथं चपटे दगड लावा. दगडाखाली ओल टिकते, रात्रीचं दव खाली उतरतं आणि वाळवीला खायला काही मिळत नाही.

राखणीचं म्हणाल तर शेळीला वडाचा पाला फार आवडतो. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती पाच फुटांपर्यंत सहज पोचते, म्हणून दहा फुटी खुंटाचा आग्रह. म्हैस अंग घासते आणि ओला खुंट हलतो. बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांचं कुंपण दोन-दोन फूट लांबून घाला, खुंटाला चिकटून नको. खुंटाभोवती गुडघ्यापासून वर गोणपाट गुंडाळलं तर साल उन्हानं तडकत नाही. मेंढपाळ माघारी येण्याच्या दिवसांत त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. काट्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. डोंगरउताराच्या जागेत जानेवारीतच तीन मीटर रुंदीची जाळरेषा काढा, गवत कापून खरवडून. वणव्याची राख पडली की चांगलं गवत येतं हा समज अजून गेलेला नाही, आणि एका संध्याकाळच्या वणव्यात तीन वर्षांची झाडं जातात.

सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरकडं बघितलं तर राखणीचं मोल कळतं. देवराष्ट्र्याजवळचे ते उघडे डोंगर धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं लावून, राखून रानात आले आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर, पण माणसांनी उभं केलेलं.

प्रत्येक झाडाला एक घर नेमून द्या, बादली घेऊन चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं. झाडाला नावही द्या. चिंचणी, वडगाव, औदुंबर ही गावांची नावंच झाडांवरून आलेली आहेत. "गट नंबर अमुक, झाड सात" याला पाणी घालायला कुणी जात नाही, पण "आक्काचा वड" वाळला तर आक्काच्या घरी चौकशी होते.

पारंब्या

वड म्हातारा होतो तसा पारंब्यांवर जगतो. कोलकात्याजवळच्या शिवपूर उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीनं कुजलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं, आणि झाड पारंब्यांवर पसरतच आहे. आपल्याकडं मात्र पारंब्या जमिनीला टेकूच देत नाहीत. पोरं झोके घेतात, जनावरं कोवळी टोकं खातात, केसांच्या तेलासाठी टोकं खुडली जातात, आणि गाड्यांना आडव्या येतात म्हणून विळ्यानं कापल्या जातात. मग आडव्या फांद्या चाळीस-पन्नास फूट वाढतात, खाली आधार नाही, आणि एका वळवात मोडतात.

मोठ्या आडव्या फांदीवरच्या दोन-तीन पारंब्या निवडा, खोडापासून पंधरा फुटांपलीकडच्या. चार इंची पाइप किंवा गाठी फोडलेला जाड बांबू उभा चिरून पारंबीभोवती बसवा, तारेनं सैल बांधा आणि आत माती, शेणखत, नारळाचा काथ्या सम प्रमाणात भरा. खाली दीड फुटाचा खड्डा काढून भुसभुशीत माती भरा. पाइप त्यात टेकला पाहिजे. वरून आठवड्यातून दोनदा पाणी. ओल मिळाली की पारंबीला फाटे फुटतात आणि ती खाली धावते. टोक जमिनीत जाऊन बोटाएवढी पारंबी मनगटाएवढी झाली की पाइप काढून घ्या. विसरलात तर पाइपच गळफास होतो. तेलंगणातल्या पिल्ललमर्रीच्या जुन्या वडाला वाचवताना पारंब्यांना असेच पाइप लावले होते.

पार

वड दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत पाराचं नाव काढू नका. आमदार निधी आला, फरशीसकट पार झाला आणि पाच वर्षांत झाड शेंड्याकडून वाळायला लागलं, असं गावोगाव दिसतं. कारण एकच. पार म्हणून खोडाला चिकटून तीन फूट मातीचा भराव टाकतात आणि वर सिमेंट. झाडाची अन्न खाणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात, त्यांना हवा लागते. भरावाखाली ती गुदमरतात, आणि कायम ओल्या मातीत पुरलेली खोडाची साल कुजते.

चांगला पार असा: भिंत खोडाच्या बाहेरच्या कडेपासून निदान दहा फुटांवर, उंची दीड फूट, रुंदी दोन फूट, म्हणजे बसायला ऐसपैस. आत भराव शून्य, जमीन आहे त्या पातळीला. बांधकाम कोरड्या दगडाचं, किंवा चुना-सिमेंट वापरायचंच तर तळाशी दर चार फुटांवर वीतभर मोकळी खिडकी, पाणी-हवा जायला. पाया सलग चर खणून काढू नका. हातानं खणत जा आणि मनगटाहून जाड मूळ लागलं की ते न तोडता दोन्ही बाजूंना दगड बसवून वर आडवी शिळा टाका. आतल्या जमिनीवर फरशी, पेव्हर ब्लॉक, काँक्रीट काहीही नको. पाला पडू दे, तेच खत.

आधीच भराव टाकलेला पार असेल तर पावसाळ्यात खुरप्यानं खोडाभोवतीची दोन फुटांतली माती हळूहळू काढत मूळ पातळीला या. भरावात नवी मुळं पसरली असतील तर एका वर्षात एकाच बाजूची काढा. काँक्रीट छिन्नी-हातोड्यानं तुकड्या-तुकड्यानं फोडा, जेसीबी लावू नका.

पूजेचं साहित्यही झाडाला लागतं. सुती दोरा पावसात कुजून गळतो. हल्ली मिळणारा नायलॉन-पॉलिस्टरचा रंगीत दोरा कुजत नाही. कोवळ्या पारंबीवर, बारक्या खोडावर तो वर्षानुवर्षं आवळत जातो आणि सालीत रुतून वरचा भाग मारतो. वटपौर्णिमा झाल्यावर चौथ्या दिवशी एकदा चक्कर मारून असे दोरे कापून घ्यायचे, हे काम शाळेच्या मुलांकडंही देता येतं. दिवा, कापूर, उदबत्ती ढोलीत ठेवू नका. ढोलीतलं कोरडं भुस्सं आतल्या आत रात्रभर धुमसतं आणि सकाळी धूर दिसेपर्यंत खोड पोकळ झालेलं असतं. दिव्यासाठी पाराच्या भिंतीतच एक कोनाडा ठेवा. खिळे, बोर्ड, लाइटच्या माळा खोडाला नकोत. गेरू-चुन्याचे पट्टे चालतात.

खोदाई येते तेव्हा

मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड महामार्गात जाणार होता. २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला आणि तिथली आखणी बदलली गेली. पण तोड टळली म्हणून झाडाला निर्धास्त होता येत नाही. रस्त्याचा भराव, गटार, नळपाण्याची पाइपलाइन, केबल यांची खोदाई फांद्यांच्या सावलीच्या आत आली की झाड त्या वर्षी हिरवंच दिसतं आणि तीन-चार वर्षांनी वादळात मुळासकट पडतं. तेव्हा खोदाई कुणाला आठवत नाही.

म्हणून काम सुरू व्हायच्या आधी भर दुपारी सावलीची कड चुन्यानं आखून घ्या आणि त्याच्या दहा फूट बाहेर दुसरी रेघ मारा. खोदाई दुसऱ्या रेघेबाहेर. पाइप आतूनच न्यायचा असेल तर चर न खणता खालून आडवं ड्रिल करून न्यायला सांगा, तीन फुटांहून खोल. चुकून मूळ तुटलंच तर फाटलेलं टोक करवतीनं साफ कापा, त्याच दिवशी मातीनं झाका, आणि त्या उन्हाळ्यात झाडाला आठवड्याला पाचशे लिटर पाणी सावलीच्या कडेनं फिरवून द्या, खोडाशी ओतू नका. तोडलेल्या मुळाच्या बाजूच्या दोन-तीन फांद्यांचं वजन कमी करा. छाटलेल्या फांद्यांत मनगटाएवढी सरळ, आठ फुटांची एखादी निघतेच. पानं काढून, ओलं गोणपाट गुंडाळून ती सावलीत उभी करा.